कानाडोळा

९ जानेवारी

जमीनबाई,

हे पत्र बसून वाच. माझ्या आईला लगेच दाखवू नकोस.

आपल्या धाकट्याला दोन तारखेला कारखान्यात अपघात झाला. जिवाला धोका नाही, हे आधी सांगतो. पण उजवा हात प्रेसखाली सापडला. मनगटापासून पुढचा भाग डॉक्टरांना वाचवता आला नाही. मी इथेच आहे, मोठ्या भावाने करायचं ते सगळं करतोय. सख्खा काय आणि मावसभाऊ काय, मी कधी फरक केलेला नाही.

कसं झालं म्हणशील, तर सकाळी अकराच्या सुमारास त्याला पेंग आली. पोलिसांपुढे त्याने स्वतःच जबाब दिलाय, 'डोळा झाकलेला होता.' त्याला इथली भाषा येत नाही, म्हणून मीच शेजारी उभं राहून शब्दाला शब्द भाषांतर करून दिलं. उद्या कुणी म्हणायला नको की सुपरवायझरने आपल्या माणसाची बाजू घेतली.

आता कामाचं. नोकरी देणारी कंपनी आपल्याकडची आणि कारखाना इथला, हे तुला माहीत आहे. कंपनी भली आहे, चूक त्याची असूनही नियमाप्रमाणे भरपाई देणार आहे. कराराची प्रत सोबत पाठवतोय, सहावं पान नीट बघ. कामावरून काही वाद झाला तर तो आपल्याकडच्याच कायद्याने आणि आपल्याकडच्याच कोर्टात मिटवायचा, असं त्याने सही करून मान्य केलंय. तेव्हा इथे आरडाओरडा करून उपयोग नाही. सोबतच्या फॉर्मवर जवळची नातेवाईक म्हणून तू सही कर आणि परत पाठव.

फोनवर यातलं काही बोलू नकोस. माझा फोन कंपनीचा आहे. पत्र लिही, आणि हे वाचून फाडून टाक. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तुझा दादा


२० जानेवारी

धाकट्या,

दादाच्या पत्रात तुझ्या वॉर्डाचा शिक्का असलेला कागद होता, त्यावरचा पत्ता घालून हे थेट तुला पाठवतेय. वॉर्डात एखादी भली सिस्टर असेल तर तिच्याकडूनच उत्तर पाठव. दादाच्या हाती देऊ नकोस.

रडून झालं. चार दिवस रडले, टाइपिंगच्या टेबलाशी बसून रडले, पक्षकारांना वाटलं माझ्यावरच कुणी दावा लावलाय. आता रागावलेय. आणि माझा राग तुला ठाऊक आहे, तो दुधासारखा उतू जात नाही, दह्यासारखा सावकाश लागतो.

मावशीला सांगितलं. तिला हल्ली अजिबात ऐकू येत नाही, म्हणून पाटीवर लिहिलं, 'हात गेला.' तिने वाचलं आणि विचारलं, "कुणाचा, माझ्याचा?" मी तुझं नाव लिहिलं. ती म्हणाली, "मग तोही माझाच," आणि आत जाऊन आपल्या दोघांच्या आईचा फोटो पुसत बसली.

आता ऐक. दादाने मला 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असं लिहिलंय. ज्याची मूठ गेली त्याच्या बहिणीला! हा माणूस आपल्याबरोबर एका ताटात जेवलाय रे.

दादाच्या पत्रातला तुझा जबाब मी वाचला. एकदा नव्हे, दहादा. कोर्टासमोर टेबल टाकून मला एकोणीस वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात 'आरोपीला जामीन मंजूर करावा' यातला काना खाल्ला आणि 'आरोपीला जमीन मंजूर करावा' असं टाइप केलं. न्यायाधीशांनी भर कोर्टात विचारलं, "किती एकर?" तेव्हापासून दादा मला जमीनबाई म्हणतो, आणि तेव्हापासून मी अक्षर न् अक्षर वाचते. त्याला पहिलं आठवतं, दुसरं नाही. तर मला सांग, माणसाचा डोळा लागतो. डोळा 'झाकलेला' कसा असेल? झाकलेला म्हटलं की झाकणारा आला. हा कुठला डोळा?

दुसरं. जायच्या आदल्या दिवशी तू करार माझ्याकडे आणला होतास. मी झेरॉक्स काढून स्वतः पिन मारली. पाच पानं होती. ती प्रत कपाटात आहे, मघाशीच मोजली, अजून पाचच आहेत. दादाने पाठवलेल्या प्रतीत सहा. कागदाला पिल्लं झालेली मी तरी आजवर बघितली नाहीत. आणि त्या सहाव्या पानाखाली तुझी सही अशी आहे, जशी पहिलीतल्या पोराने काढावी.

खरं काय ते लिही. सावकाश लिही, पण सगळं लिही.

ताई


५ फेब्रुवारी

ताई,

डाव्या हाताने लिहितोय. तीन दिवस लागले. अक्षराला हसू नकोस.

मी झोपलो नव्हतो.

प्रेसला डोळा असतो. दोन खांब, मधून लाल उजेड जातो. हात मध्ये आला की डोळ्याला कळतं आणि प्रेस थांबते. आपली दहाबारा माणसं आहेत इथे, सगळे त्याला डोळाच म्हणतात, दादासुद्धा. पण नुसती बाही आडवी गेली तरी प्रेस थांबते. मग माल कमी निघतो. आम्ही डब्यांची झाकणं ठोकतो, दिवसाचा आकडा ठरलेला असतो.

दोन महिन्यांपूर्वी दादाने सायकलच्या मागच्या चमकत्या चकतीचा तुकडा आणला आणि डोळ्यासमोर चिकटवला. डोळ्याला आपलाच उजेड परत दिसतो, त्याला वाटतं वाट मोकळी आहे. मी म्हटलं दादा हे बरं नाही. तो म्हणाला, मी आहे ना.

जबाबात मी तेच सांगितलं, डोळा झाकलेला होता. दादाने पोलिसाला काय सांगितलं मला कळलं नाही. पोलिसाने माझ्याकडे बघून डोळे मिटले आणि मान खाली घातली. मला वाटलं बिचाऱ्याला वाईट वाटलं. मी मान हलवली. तो विचारत होता, झोपला होतास का.

सही चौथ्या दिवशी घेतली. इंजेक्शनची गुंगी होती. दादाने पेन डाव्या हातात दिलं, म्हणाला औषधांचा कागद आहे.

एक गंमत सांगतो. मराठीत हाताशिवाय बोलताच येत नाही, हे मला इथे पडून कळलं. दादा रोज येतो आणि म्हणतो, काही लागलं तर मी हाताशी आहे. परवा म्हणाला, कंपनीने हात आखडता घेतलेला नाही. मी हसलो. त्याला कळलं नाही का हसलो.

पण ताई, मावशीला त्रास होईल असं काही करू नकोस.

तुझा


१७ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, मला काही सुधरत नव्हतं. तू तिथे आहेस म्हणून आमच्या जिवात जीव आहे. चूक धाकट्याचीच, आपण काय करणार? लहानपणापासून तो वेंधळाच.

फॉर्म समोर घेऊन बसलेय, पण रकाने फार. मी आपली टाइप करणारी, कायद्यातलं मला काय कळतं? जमीनबाई ती जमीनबाईच. दोन गोष्टी तेवढ्या सोप्या करून लिही, म्हणजे रकाने भरून टाकते. त्या दिवशी प्रेसमध्ये काही बदल केलेला होता का, आणि कुणाच्या सांगण्यावरून? आणि सहाव्या पानावर धाकट्याने सही नक्की कुठे, कोणत्या तारखेला केली?

तुझ्या अक्षरातच लिही, मावशीला तुझं अक्षर बघून बरं वाटतं.

तुझी बहीण


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

आजच दादाला पत्र टाकलं. साष्टांग नमस्कार घातलाय. आयुष्यात पहिल्यांदा. लिहिताना बोटं अडत होती, पण माशाला गळ दाखवताना वर काहीतरी लावावंच लागतं.

ज्या वकीलबाईंचे कागद मी टाइप करते, त्यांना तुझं पत्र दाखवलं. त्या दोनदा वाचून म्हणाल्या, "भांडण काय आहे हे नंतर. आधी ते कुणाच्या दारात घालायचं, हे भांडण आहे." म्हणजे असं बघ. आपल्याकडच्या कायद्यात कामगाराच्या शरीराचा एक तक्ता आहे. अंगठ्याला इतकं, तर्जनीला इतकं, मनगटापर्यंत इतकं. चूक कामगाराची निघाली की त्यातून कापणार, आणि विषय संपला. कुणाला कुणी विचारत नाही की डोळा का झाकला. तिकडचा कायदा वेगळा. तिथे यंत्राचं संरक्षण काढून माणूस कामाला लावला तर मालक, साहेब, सुपरवायझर, ज्याने ज्याने हात लावला तो पिंजऱ्यात उभा राहतो. भरपाई वेगळी आणि तुरुंग वेगळा.

म्हणून सहावं पान जन्माला आलंय. ते पान टिकलं, तर तू पेंगलेला कामगार, आणि तुझ्या हाताची किंमत तक्त्यातली एक ओळ. ते पान पडलं, तर जिथे हात गेला तिथलाच कायदा लागेल. वकीलबाई म्हणतात, कुठला कायदा हे दोघांनी मिळून निवडायचं असतं, गुंगीत असलेल्या माणसाने काय निवडलं असेल? पण तुझ्या तोंडच्या शब्दाला पुरावा हवा. तू म्हणशील गुंगी होती, दादा म्हणेल नव्हती. तू म्हणशील डोळा प्रेसचा, तो म्हणेल तुझा. तुकडा तर त्याने कधीच काढून टाकला असेल.

मला त्याच्या अक्षरातला कागद हवाय. एकच. हात धुवून त्याच्या मागे लागलेय मी.

तू म्हणतोस मावशीला त्रास नको. त्रास काय मी देतेय? मी त्याला पिंजऱ्यात बघणार आहे धाकट्या, आणि त्याच्या जबाबाचं भाषांतर शब्दाला शब्द व्हावं अशी माझी फार इच्छा आहे.

ताई


३ मार्च

जमीनबाई,

तुझा साष्टांग नमस्कार पोचला. वाचून हसू आलं. तू मला 'अहो' म्हणायला लागशील त्या दिवशी सूर्य पश्चिमेला उगवेल.

फॉर्ममध्ये असले रकाने नाहीत. फॉर्म मीच करून घेतलाय, त्यात काय आहे ते मला पाठ आहे. कुणा वकिलाच्या नादी लागली असशील तर वेळीच बाजूला हो. कोर्टासमोर बसलं म्हणून कोर्ट कळत नाही, नाहीतर बाहेरच्या चहावाल्याने निकाल दिले असते.

तू विचारलंस म्हणून सांगतो. प्रेसमध्ये कसलाही बदल नव्हता, आणि सही त्याने शुद्धीत, रुजू होतानाच केलेली आहे. हे घे, माझ्या अक्षरात. आता समाधान?

दोन एप्रिलचं त्याचं तिकीट काढलंय. तो घरी आला की सगळं शांत होईल. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. आणि एक लक्षात ठेव, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दादा


१२ मार्च

धाकट्या,

गळ त्याने ओळखला. चूक माझीच, फॉर्मात नसलेले रकाने मी काढले. जास्त शहाणपणा केला की असं होतं. उलट त्याने लिहून दिलंय की सही रुजू होताना झाली. एक खोटं पदरात पडलं, पण खोटं आहे हे दाखवायला आपल्याकडे फक्त माझी पाच पानं आणि तुझी वाकडी सही.

तू विमानात बसू नकोस. काहीही झालं तरी. तू इथे पाय ठेवलास की तिकडचं दार बंद झालंच म्हणून समज. चक्कर येते म्हण, जखम चिघळली म्हण. वकीलबाईंच्या ओळखीची तिथली एक वकील तुला भेटायला येईल. आपली भाषा बोलणारी आहे, म्हणजे डोळ्याचा डोळाच करेल.

मावशीने तुझं पत्र वाचलं. मी दाखवलं नव्हतं, माझ्या पर्समधून घेऊन वाचलं. भिंग लावून, तुझं एकेक वाकडं अक्षर. दुपारी पोस्टकार्ड मागितलं आणि दादाला एकच ओळ लिहिली. मी पत्ता घातला तेव्हा दिसली. लिहिलं होतं, 'माझ्या बहिणीला मी काय सांगू?'

ताई


२४ मार्च

आई,

तुझं कार्ड आल्यापासून मला जेवण जात नाही. सात वेळा लिहायला बसलो. हे पत्र तुझ्यात आणि माझ्यात. ताईला दाखवू नकोस. तिच्या हातात कागद पडला की तिला दुसरं काही दिसत नाही.

आई, तो झोपला नव्हता. प्रेसच्या डोळ्यासमोर तो तुकडा मीच लावला होता. इथल्या साहेबांनी दिवसाचा आकडा वाढवला आणि सांगितलं, कसं ते तू बघ, नाहीतर तुझ्या जागी दुसरा येईल. कसं ते त्यांना माहीत होतं. ते रोज प्रेसजवळून जायचे आणि तिकडे बघायचे नाहीत. धाकटा मला बोलला होता. मीच म्हटलं, मी आहे ना.

जबाबाच्या वेळी तो म्हणाला, डोळा झाकलेला होता. माझ्या तोंडून निघून गेलं की त्याचे डोळे मिटले होते. मुद्दाम की घाबरून, मला आता सांगता येत नाही. मग ते परत घेता आलं नाही. सहावं पान साहेबांनी चौथ्या दिवशी दिलं, जुनी तारीख घालून. तो गुंगीत होता. पेन मीच त्याच्या हातात दिलं. वाटलं, झोप लागली म्हटलं तर कुणालाच शिक्षा होत नाही, त्यालाही चार पैसे मिळतात, मलाही नोकरी राहते.

धाकट्याच्या आईला, माझ्या मावशीला सांग, माझं चुकलं. तिच्या फोटोपुढे सांग. मी त्याला जन्मभर सांभाळीन. पण हे बाहेर जाऊ देऊ नकोस, इथे यासाठी माणसं आत जातात.

तुझाच


८ एप्रिल

दादा,

तू मावशीला लिहिलेल्या पत्राची प्रत माझ्यासमोर आहे. चोरलेलं नाही. आधी ते कसं आलं ते ऐक.

काल अकराच्या सुमारास मी टेबलावर होते. दोन पक्षकार ओळीत उभे. त्यांच्यामागे मावशी. एकोणीस वर्षांत ती कधी माझ्या टेबलाशी आलेली नाही, तुला माहीत आहे, तिला कोर्टाची पायरी म्हणजे विंचू. मी उठले, तर हाताने 'बस' म्हणाली. आपला नंबर येईपर्यंत उन्हात उभी राहिली. मग पक्षकाराच्या खुर्चीवर बसून तुझं पत्र टेबलावर ठेवलं, वर आपलं चष्म्याचं घर ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून. म्हणाली, "टाइप कर. काना-मात्रा बघून कर. या वेळी चूक नको."

मी पाटीवर लिहिलं, 'मावशी, तो आत जाईल.' तिने वाचलं. म्हणाली, "मला वाचता येतं."

मी टाइप केलं, दादा. तुझं एकेक अक्षर. माझी बोटं एकदाही अडली नाहीत, हे तुला कळावं अशी माझी इच्छा आहे. तिथल्या वकिलाकडे मूळ पत्र गेलंय, तुझं तीन मार्चचंही गेलंय. एकात सही रुजू होताना, दुसऱ्यात चौथ्या दिवशी. दोन्ही तुझ्याच अक्षरात. फोन नको, पत्र लिही, असं मला कोण म्हणालं होतं? फाडून टाक असंही म्हणाला होतास. मी टाइपिस्ट आहे रे, कागद फाडायला आमच्याकडे शिकवत नाहीत.

धाकट्याने दोन तारखेचं विमान सोडलं, हे तुला कळलंच असेल. दावा तिथेच दाखल झालाय.

तू मला एकोणीस वर्षं जमीनबाई म्हणालास. बरोबरच आहे, मी एकदा काना खाल्ला. तू डोळा झाकलास. आपल्या दोघांचं जोडून बघ काय होतं. कानाडोळा. या घराने तुझ्या बाबतीत लहानपणापासून तेच केलं. काच तू फोडायचास, मार धाकटा खायचा, आणि तू म्हणायचास, "मी आहे ना." आम्ही सगळे म्हणायचो, जाऊ दे, मोठा आहे.

आता नाही जाऊ देणार. डोळ्यात तेल घालून मी बघणार आहे. तुझे साहेबही सुटणार नाहीत, त्यांचा आकडाही तुझ्याच पत्रात आलाय. मला तुझी दया येत नाही. येईल असं वाटलं होतं, वाट बघितली, आली नाही.

ताई


१९ जुलै

ताई,

जमीनबाई म्हणायचं धाडस आता होत नाही.

तुझ्यापर्यंत बातमी आली असेलच. इथल्या कोर्टाने सहावं पान उडवलं. म्हणाले, गुंगीतल्या माणसाला कायदा निवडता येत नाही. जबाबाचं भाषांतरही दुसऱ्याकडून करून घेतलं. कारखान्याच्या मालकाने हात वर केले, साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मग त्यांनाही आत घेतलं. आम्ही दोघं एकाच बाकावर बसतो आणि बोलत नाही. खटला उभा राहायला अजून बरेच महिने आहेत.

जामीन मिळू शकतो. घरच्या माणसाचं हमीपत्र लागतं, की हा पळून जाणार नाही. वकील म्हणतात आईचंच हवं. मी तिला तीन पत्रं टाकली, उत्तर नाही. तू टाइप करून तिची सही घे. एवढंच कर. मी तुझ्या पाया पडतो. तिचा एकुलता एक आहे मी.

इथल्या खोलीच्या दारात एक भोक आहे, त्यातून दर तासाला कुणीतरी बघतं. तो डोळा कधी झाकत नाहीत.

दादा


३० जुलै

धाकट्या,

दादाचं पत्र सोबत पाठवतेय. वाच आणि मग माझं वाच.

वाचून मला काय वाटलं सांगू? आधी आनंद झाला. लाज नाही वाटत सांगायला. साष्टांग नमस्कार आता तिकडून आला. मग ती दाराच्या भोकाची ओळ वाचली आणि उठून पाणी प्याले. तेवढंच. पुन्हा बसले.

हमीपत्र टाइप केलं. दीड पान आहे. 'जामीन' हा शब्द त्यात चारदा येतो आणि चारही वेळा काना जागेवर आहे, तीनदा तपासला. मावशीपुढे ठेवलं, पेन दिलं. तिने पूर्ण वाचलं, भिंग लावून. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. म्हणाली, "माझा मुलगा आत आहे. पण हात दुसऱ्या मुलाचा गेलाय. त्याला विचार. तो म्हणेल तेव्हा करीन."

मी काही सांगणार नाही, धाकट्या. मला जे करायचं होतं ते करून झालं. कागद मावशीच्या उशीखाली आहे. ती झोपत नाही, हे मात्र तुला कळायला हवं. तूच एकदा म्हणालास, मावशीला त्रास नको.

तू जे लिहिशील ते तिला जसंच्या तसं दाखवीन.

ताई


११ ऑगस्ट

ताई,

हे पत्र मी अर्ध्या तासात लिहिलं. बघ, अक्षर सुधारलंय. ओळ सरळ जाते आता.

दादाचं पत्र वाचलं. परवा कोर्टात तो दिसला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि सवयीने हात पुढे केला, मिळवायला. मग लक्षात आलं त्याला.

मावशीला नमस्कार सांग. सांग की सही जरूर कर, मी नाही म्हणत नाही. तिचा मुलगा आहे, माझाही भाऊ आहे.

फक्त म्हणावं, घाई करू नकोस. मला माझी सही शिकायला सात महिने लागले.

धाकटा